बंद हंगामाचा हिशेब

नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्याच्या वाट्याला एका वर्षाच्या अंतरानं दोन अभयारण्यं आली.

पहिलं १९७९ सालचं, माळढोक पक्ष्यासाठी. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर जिल्ह्याचा मोठा भाग आणि नगरचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा हे तालुके त्यात आले. आकड्याचा अंदाज येत नसेल तर एवढंच लक्षात घ्या, की अख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे एका पक्ष्यासाठी दोन गोवे मावून उरतील एवढी जमीन कागदावर राखली गेली.

दुसरं १९८० सालचं, काळविटांसाठी, रेहेकुरीला. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जायला अर्धा-पाऊण तास पुरतो.

आज रेहेकुरीला गेलात तर काळवीट दिसतात. सकाळी लवकर गेलात तर कळपच्या कळप दिसतात. माळढोक मात्र नगर जिल्ह्यातून गेला. सोलापूरच्या नान्नजला एखादा दिसला तर त्याची बातमी होते. देशभरात मिळून आता दीडशेसुद्धा उरलेले नाहीत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत.

दोन गोव्यांएवढं अभयारण्य हरलं आणि चालत ओलांडता येईल एवढं टिकलं, हे कसं झालं? शिकार दोन्हीकडे बंद होती. कायदा एकच, खातं एकच, पाऊसही सारखाच कमी. उत्तर शोधायचं तर ‘शिकारबंदी’ या शब्दाचा नगरच्या माळावरचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. त्यात बंदूक आहेच, पण ती एकटी नाही.

पाच हत्यारं

शिकारीला हंगाम असतो, ही कल्पना आज आपल्याला विचित्र वाटते, कारण आपल्या पिढीनं शिकार फक्त बातम्यांत, गुन्हा म्हणूनच पाहिली आहे. पण जगात बऱ्याच ठिकाणी शिकारीचं वर्ष दोन भागांत वाटलेलं असतं, चालू हंगाम आणि बंद हंगाम. इंग्लंडमध्ये १८३१ च्या कायद्यानं तित्तराची शिकार १ फेब्रुवारी ते १ सप्टेंबर बंद केली. जोड्या जमाव्यात, अंडी उबावीत, पिल्लं उडायला शिकावीत म्हणून.

पण तिथली खरी गोष्ट कायद्याच्या पुढे सुरू होते. बंद हंगामात जमिनीवर काम चालायचं. जमीनदारानं पगारावर ठेवलेला राखणदार कुंपणाची झुडपं राखायचा, घरट्यांवर पहारा द्यायचा, दाट झालेलं रान विरळ करायचा. शिकारीचे महिने मोजके, राखणीचे महिने जास्त. अर्थात हे सगळं जमीनदारासाठीच होतं. आसपासच्या गरिबानं ससा मारला तरी त्याला शिक्षा व्हायची.

अमेरिकेत आल्डो लिओपोल्ड या वनाधिकाऱ्यानं, जो स्वतः शिकारी होता, १९३३ साली ‘गेम मॅनेजमेंट’ हे पाठ्यपुस्तक लिहिलं. त्यातला एक विचार आजही वापरला जातो: कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक या पाच गोष्टींनी वन्यजीव संपवले, आणि त्याच पाच गोष्टी नीट वापरल्या तर ते परतही आणता येतात. चार वर्षांनी, १९३७ साली, तिथल्या सरकारनं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या अधिवासासाठी राखून ठेवणारा कायदा केला. मारणाऱ्याच्या खिशातून राखणीचा खर्च.

ही पाच हत्यारं घेऊन नगरच्या माळावर येऊ. आपल्याकडे पाचही होती. बंद मात्र एकच केलं गेलं.

बंदूक

चांदबीबीचं एक चित्र प्रसिद्ध आहे. घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली. त्याच्या अनेक प्रती जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ही चित्रं तिच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी, साधारण १७०० च्या आसपास आणि नंतर काढलेली आहेत. म्हणजे दख्खनच्या चित्रकाराला नगरचा किल्ला लढवलेल्या राणीची आठवण रंगवायची होती, तेव्हा त्यानं तिच्या हातावर शिकारी पक्षी बसवला. शिकार म्हणजे सत्ता, हे तेव्हा समजावून सांगावं लागत नव्हतं.

सत्ता बदलली, तसा शिकारीचा वेगही. १८१७-१८ मध्ये पेशवाई संपली आणि नगरला इंग्रजांची छावणी बसली. छावणीतल्या अधिकाऱ्याकडे घोडा होता, बंदूक होती, रिकामा वेळ होता आणि समोर मैलोन्‌मैल मोकळा माळ होता. पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत रॉबर्ट मॅन्सफिल्ड या एका शिकाऱ्याची नोंद वारंवार येते: १८०९ ते १८२९ या काळात नगर भागात ९६१ माळढोक. त्याच काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारा कर्नल विल्यम साइक्स हाही एका ‘गृहस्था’नं हजारभर माळढोक मारल्याचं सांगतो. माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. एका माणसानं वीस वर्षांत मारलेल्या पक्ष्यांची भरपाई करायला त्या पक्ष्याला किती वर्षं लागतील, हे तुम्हीच मांडून बघा.

तणमोराची कहाणी याहून वाईट आहे. हा माळढोकाचा लहान भाऊबंद. पाऊस पडला, गवत वाढलं की विणीसाठी येणारा. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत नाशिक, नगर, सोलापूर हे त्याच्या विणीचे जिल्हे म्हणून येतात. गवत कमरेएवढं, पक्षी कोंबडीएवढा, मग मादीला नर दिसणार कसा? म्हणून नर गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो आणि खाली येतो. दिवसाला पाचशेच्या वर अशा उड्या.

मादीला दिसावं म्हणून मारलेली ही उडी शिकाऱ्यालाही दिसायची. तो गवताच्या कडेला उभा राहायचा आणि पक्षी वर आला की गोळी झाडायचा. एरवी हा पक्षी सापडायला महाकठीण. त्यामुळे तणमोराच्या शिकारीचा हंगाम म्हणजेच त्याच्या विणीचा हंगाम होऊन बसला. ज्या महिन्यांत बंदूक खुंटीला टांगलेली असायला हवी, नेमक्या त्याच महिन्यांत ती भरलेली असायची. याविरुद्ध त्या काळच्या जाणत्या इंग्रज शिकाऱ्यांनीच ओरड केली होती.

ओरडीनंतर कायदे आले. १८८७ चा वन्यपक्षी कायदा नगरपालिका आणि छावण्यांपुरता होता. विणीच्या काळात ताजा मारलेला पक्षी बाळगायला किंवा विकायला तिथं बंदी घालता येई. म्हणजे नगरच्या बाजारात तणमोर विकला तर गुन्हा ठरू शकला असता, शेवगावच्या माळावर मारला तर नाही. १९१२ च्या कायद्यानं पुढचं पाऊल टाकलं. प्रांत सरकारांना ठरावीक पक्षी-प्राण्यांसाठी ‘बंद काळ’ जाहीर करता येऊ लागला. यादीत माळढोक होता, तणमोर होता, हरणं होती. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. आणि एक पळवाट: मालमत्तेच्या रक्षणासाठी मारलं तर गुन्हा नाही. पीक ही मालमत्ताच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पळवाट हमरस्ता झाली. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेचे दिवस होते. पीकसंरक्षणाच्या नावाखाली बंदुकांचे परवाने वाटले गेले. लष्करानं विकायला काढलेल्या जीपगाड्या आल्या. रात्री माळावर जीप घालायची, दिव्याच्या झोतात हरणांचे डोळे चमकले की गोळ्या घालायच्या. घोड्यावरच्या शिकाऱ्याला काळवीट निदान पळून दाखवू शकत होतं.

९ सप्टेंबर १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायद्याला मंजुरी मिळाली. काळवीट आणि माळढोक पहिल्या अनुसूचीत गेले. म्हणजे बंद हंगाम आता वर्षातले बाराही महिने. पहिलं हत्यार कागदावर तरी म्यान झालं.

फास

या माळावर बंदुकीच्या आधीपासून शिकार करणारे होते. त्यांच्याही बंद्या होत्या, फक्त त्या राजपत्रात छापल्या गेल्या नव्हत्या.

फासेपारधी हे नावच फासावरून आलं आहे. जमिनीलगत ओळीनं फास मांडायचे, खुंट्या ठोकायच्या आणि कळपाला न बिचकवता हळूहळू त्या दिशेनं वळवायचं. काही जण शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून सरकत जायचे. जनावराला जनावराचं भय वाटत नाही, हा त्यामागचा हिशेब. तित्तर पकडायला पाळीव तित्तराची हाक वापरायची. पारध्यांत चित्ते पकडून माणसाळवणारेही होते. संस्थानिकांचे शिकारी चित्ते अशाच हातांतून तयार होत. त्यांच्यातले टाकणकार जात्याला, पाट्याला टाकी लावून देत. शिकार नसेल तेव्हा हातांना दुसरं काम हवंच.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या गटानं महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात भटकणाऱ्या तीन समाजांच्या शिकारीचा अभ्यास प्रसिद्ध केला: नंदीवाले, फासेपारधी आणि वैदू. एकाच माळावर तिघे शिकार करत होते, पण एकमेकांच्या वाट्याला फारसे जात नव्हते. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे. फासेपारधी फास लावून हरणं आणि पक्ष्यांच्या मागे. वैदू मुंगूस, रानमांजर यांसारख्या लहान शिकारी प्राण्यांच्या आणि पाण्यातल्या मासे-कासवांच्या मागे. प्राणी वाटलेले, हत्यारं वाटलेली.

आणि फासेपारध्यांचा एक रिवाज त्यांनी नोंदवला. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडलं, तर ते सोडून द्यायचं.

हा बंद हंगामच होता, फक्त तारखेनं न ठरवता जनावराच्या पोटाकडे बघून ठरवलेला. काळविटाच्या बाबतीत तो तारखेपेक्षा जास्त नेमका होता, कारण या हरणाची वीण एका ठरावीक महिन्यात उरकत नाही. गोळी सुटल्यावर मादी गाभण होती हे कळून उपयोग नसतो. फासातलं जनावर जिवंत हातात येतं, म्हणून ते सोडता येतं. हत्यारातच विचार करायला जागा होती.

याचा अर्थ पारधी म्हणजे माळावरचे ऋषी होते, असा काढू नये. ते पोटासाठी मारत होते आणि बाजारात विकतही होते. पण आज सोडलेली मादी पुढच्या वर्षी आपल्याच मुलांच्या फासात येणार, याची खात्री असेल तोवर ती सोडण्यात शहाणपण असतं. जीपवाला तीच मादी रात्री मारून नेणार असेल, तर तिला सोडणारा मूर्ख ठरतो. खात्री मोडली की रिवाज मोडतो.

ती खात्री मोडायला दोन कायदे कामी आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या रूपांनी अख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. हजेऱ्या लागल्या, फिरणं बंद झालं, काहींना तारांच्या कुंपणात ठेवलं गेलं. सोलापुरात आजही एका वस्तीला ‘सेटलमेंट’च म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्यानं पुसला. बरोबर वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि फास लावणं हाच गुन्हा झाला. जन्मानं गुन्हेगार ठरवलेला माणूस आता धंद्यानं गुन्हेगार ठरला. छंदासाठी शेकड्यांनी मारणारा गोळ्यांचा डबा कपाटात ठेवून निवृत्त झाला. पारध्याला कपाट नव्हतं.

काळवीट वाचायला हवं होतं, यात वाद नाही. फासही थांबायला हवेच होते. प्रश्न असा, की ज्यांच्याकडे माळाचं सगळ्यात बारीक ज्ञान होतं, त्यांना राखणीच्या कामावर घ्यावं असं त्या वेळी सरकारला सुचलं का? मोठ्या प्रमाणावर तरी नाही.

नांगर

बंदुकीला दोष देणं सोपं आहे, कारण तिचा आवाज होतो. नांगराचा होत नाही.

इंग्रजांच्या महसूल पाहणीत जमीन दोनच नजरांनी बघितली गेली, सारा देणारी आणि न देणारी. गवताचा माळ दुसऱ्या रकान्यात पडला आणि त्याला ‘पडीक’ हे नाव चिकटलं. पडीक म्हणजे वाया गेलेलं, काहीतरी करून कामाला लावायचं. मारवेल, कुसळीसारखी गवतं, त्यावर जगणारी हरणं, त्यांच्या मागावरचा लांडगा, अंडी घालणारा माळढोक, मेंढरं घेऊन फिरणारा धनगर यांपैकी कोणीच सारा भरत नव्हतं.

मग पाणी आलं. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी कोरड्या जमिनीला ऊस दाखवला. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचे पहिले अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, म्हणजे फासेपारध्यांचा रिवाज पुढे नोंदवणाऱ्या माधव गाडगीळांचे वडील. एका घरातल्या दोन पिढ्यांनी याच कोरड्या मुलखाच्या दोन बाजू पाहिल्या: वडिलांनी पाण्यावर पिकणारी, मुलानं पावसावर जगणारी. नगरच्या शेतकऱ्याला दुष्काळातून बाहेर काढणाऱ्या त्या कामाची किंमत कोणी कमी करू नये. १८७६-७८ चा दुष्काळ ज्या जिल्ह्यानं सोसला, तिथं कालव्याचं पाणी म्हणजे चैन नव्हती.

पण नांगर चालला, तसे प्राणी बदलले. माळाचे गेले, उसाचे आले. ऊस म्हणजे बिबट्याच्या दृष्टीनं दहा-बारा महिने उभं राहणारं दाट रान. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले भागात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढीच तरसं निघाली. तीही अभयारण्यात नव्हे, तर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात. आज नगर जिल्ह्यात बिबट्याच्या भीतीनं संध्याकाळी मुलांना अंगणात न सोडणारी जी घरं आहेत, त्यांची गोष्ट या नांगराच्या गोष्टीचाच पुढचा भाग आहे. त्या बिबट्याला कोणी जंगलातून हाकलून इथं आणलेलं नाही. आपणच त्याच्यासाठी रान पेरलं.

गाय आणि आग

गवताच्या जमिनीला आपल्याकडे जुनं, मानाचं नाव होतं, कुरण. मराठा राज्यात सरकारी घोड्यांसाठी कुरणं राखली जात. गावाचं गायरान वेगळं. कुरणात जनावर घालायचं नाही, गवत पक्व झालं की कापायचं, बी पडू द्यायचं. हाही बंद हंगामच, गवताचा. हरणं आणि पक्षी त्याचे आयते भागीदार.

घोडदळं गेली, कुरणं ओस पडली आणि गायरानावर जनावरांची गर्दी वाढली. १९७२ च्या दुष्काळानं उरलंसुरलं गवत मुळासकट नेलं. कायदा आणि दुष्काळ एकाच वर्षी आले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. बंदूक थांबली त्याच वर्षी खायला काही उरलं नाही.

दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला. मृदसंधारणासाठी कोरड्या तालुक्यांत जमिनीचे तुकडे कुंपण घालून राखले गेले. उद्देश पक्षी वाचवण्याचा नव्हता, पण कुंपणाआड गवत उठलं आणि त्या गवतात पक्षी आले. नान्नजचा माळढोक १९७२ साली बी. एस. कुलकर्णी या सोलापूरच्या निसर्गप्रेमींनी जगासमोर आणला आणि राखलेल्या अशाच तुकड्यांवर तो पुढे काही दशकं टिकला. काही वर्षं चराई थांबवली तर माळ स्वतःहून उभा राहतो, हा धडा तिथं फुकटात मिळाला.

पण चराई पूर्ण आणि कायम बंद केली तरी चालत नाही. गवत वाढून, वाळून, दाटून बसतं. काळविटाला आखूड गवत लागतं. त्याला दूरचं दिसायला हवं, कारण धावणं हेच त्याचं शस्त्र. मग कधी कापणी, कधी मोजकी जनावरं, कुठे जाळरेषा असं हातानं सांभाळावं लागतं. वणवा लावला की नवं गवत चांगलं फुटतं, असं म्हणत दर उन्हाळ्यात डोंगर पेटवले जातात. वेळ आणि जागा पाहून, राखून लावलेली आग हे हत्यार असतं. बिडीच्या थोटकानं लागलेली आग फक्त नुकसान करते. घरटं जमिनीवर असलेल्या पक्ष्याला तर ती मरणच.

कुऱ्हाड

पाचव्या हत्याराची गंमत अशी, की माळावर ते उलटं चालतं. जंगलात झाड तोडणं हा विनाश, गवताळ माळावर झाड लावणं हा विनाश ठरू शकतो.

गेली चाळीस-पन्नास वर्षं ‘पडीक’ माळावर खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावण्याचं काम हौसेनं चालू आहे. हेतू चांगला असतो आणि फोटोही चांगले येतात. पण माळढोकाला मोकळं आभाळ लागतं. झाडांची रांग म्हणजे त्याच्यासाठी भिंत. तिच्यावर बसणारा कावळा त्याचं अंडं हेरतो, तिच्या आडून कुत्रं येतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानींसारखे अभ्यासक १९८० च्या दशकापासून हे सांगत आले आहेत. माळढोकासाठी राखलेल्या भागांतही झाडं लावली गेली होती, हे लक्षात घेतलं की दोन गोव्यांएवढ्या अभयारण्याचं काय झालं ते समजू लागतं.

आणि दुसरं कारण माणसांचं. त्या ८,४९६ चौरस किलोमीटरमध्ये गावं होती, शहरं होती, बागायती होत्या. अभयारण्याची रेषा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरून गेली. जमिनीच्या व्यवहारात अडचणी येऊ लागल्या आणि ज्या पक्ष्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते, तो एकाएकी शत्रू झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर नगरमध्ये वाचवायला पक्षीच उरला नव्हता.

आता याच जिल्ह्यातलं उलटं उदाहरण बघा. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे आदर्श गाव योजना आली आणि गावानं स्वतःवर बंद्या घालून घेतल्या. त्यातल्या दोन होत्या कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. लिओपोल्डच्या पाचांतली दोन हत्यारं, ग्रामसभेत हात वर करून म्यान केलेली. डोंगरावर श्रमदानानं चर खणले. जनावर सोडायचं नाही, पण विळा घेऊन जायचं आणि गवत कापून आणायचं. डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी आलं, गोठ्यात दूध वाढलं.

हिवरे बाजारनं हे वन्यजीवांसाठी केलं नाही, पाण्यासाठी केलं. पण बंदी कशी टिकते, हे तिथं स्वच्छ दिसतं. बंदी घालणारा आणि बंदीचा त्रास सोसणारा एकच होता, आणि तिचा फायदाही त्यालाच मिळाला.

बंदी कोणाची?

हाच निकष आता सगळ्या इतिहासाला लावून बघा.

इंग्रजी कायद्यातला बंद काळ शिकाऱ्यानं स्वतःच्या पुढच्या हंगामासाठी मागितला होता, पण माळ त्याचा नव्हता. बदली झाली की तो निघून जायचा. म्हणून त्यानं बंद हंगामात इथं काही राखलं नाही. पारध्याचा रिवाज त्याच्या पुढच्या पिढीसाठी होता. तो टिकला, जोवर माळावर त्याचा वावर होता. १९७९ च्या अभयारण्यात बंदी मुंबईची आणि त्रास कर्जतचा, म्हणून ते कागदावर राहिलं. रेहेकुरी लहान होतं, वनखात्याच्या ताब्यातली जमीन होती, तिथं पहारा देता आला, गवत राखता आलं. म्हणून ते वाचलं.

वाचलं, पण निवांत नाही. काळविटाला चौरस किलोमीटर कळत नाहीत. ते हद्द ओलांडून ज्वारी-हरभऱ्यात जातं, आणि आसपासचा शेतकरी रात्र जागून काढतो. पर्यटक सकाळी येऊन फोटो घेऊन जातो. या दोघांच्या हिशेबातला फरक कोणी भरायचा, हे ठरल्याशिवाय रेहेकुरीचं यशही अर्धंच आहे. पीक खाल्ल्याची भरपाई वेळेवर मिळणं, गावाला गवतात वाटा मिळणं, माळाची राखण आणि वाट दाखवणं हा पारधी तरुणांचा पगारी धंदा होणं, ही सगळी कामं म्हणजेच आपला बंद हंगाम आहे. १९७२ पासून तो चालू आहे आणि तो संपणार नाही. शिकार पुन्हा सुरू करायची नसल्यामुळे राखणीचे महिने आता बारा झाले आहेत, एवढाच अर्थ.

येत्या जूनमध्ये तुमच्या गावात, कॉलेजात कोणीतरी ‘उजाड माळावर हजार झाडं’ असा बेत आखेल. त्याला नाही म्हणण्याआधी किंवा त्यात सामील होण्याआधी एकदा पावसानंतर त्या माळावर जाऊन या. गवत कोणतं आहे, त्यात काय बोलतंय, काय उडतंय, कोणाची मेंढरं तिथं येतात आणि कोणत्या महिन्यांत, हे विचारा. विचारायला म्हातारे धनगर आणि पारधी अजून आहेत. त्या जमिनीला झाड हवं आहे की नुसती चार महिन्यांची विश्रांती, ते त्यांना माहीत असतं.